घरातली जुनी लग्नपत्रिका काढा: समाजशास्त्र शिकायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

समाजशास्त्राचं पुस्तक हातात घेतलं की पहिल्या पानावर समाजाची व्याख्या, दुसऱ्यावर समुदायाची, पुढे संस्थेची. परीक्षेपुरत्या त्या पाठ होतात आणि निकाल लागला की विसरतात. बरीच वर्षं अकरावी-बारावीच्या मुलांना हा विषय शिकवल्यावर मी व्याख्यांनी सुरुवात करणं सोडून दिलं. आता पहिल्या तासाला एकच काम सांगते: घरातली एखादी लग्नपत्रिका शोधून आणा. जितकी जुनी तितकी चांगली.

समाज कसा बांधलेला आहे हे सहसा कोणी लिहून ठेवत नाही. लग्नपत्रिकेत मात्र एखादं घर आपल्या हाताने ते लिहून काढतं. आमचे कोण, मान कोणाला, कोणाचं नाव आधी, कोणाचं शेवटी, कोणाचं मुळीच नाही. पत्रिका छापायला टाकण्याआधी नावांवरून घरात वाद होतात, रुसवे होतात. जिथे रुसवा होतो तिथे न लिहिलेला नियम असतो. तो नियम शोधणं हेच समाजशास्त्राचं काम, आणि ते शिकायला तुमच्या घरातलं कपाट पुरेसं आहे.

लागणारं साहित्य थोडं आहे. एक पत्रिका, शक्यतो वेगवेगळ्या दशकांतल्या तीन. दोनशे पानी वही. घरातली एक वयस्क व्यक्ती, जिला बोलायला आवडतं. आणि महिनाभर अधूनमधून काढलेला वेळ.

पहिली पायरी: पत्रिका मोठ्याने वाचा

एकही शब्द न गाळता वाचा. वर कुलदैवताचं नाव असेल, खंडोबा किंवा तुळजाभवानी. मग ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’. मग ‘यांची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां.’, पुढे कंसात बी. ए., डी. एड. मग ‘यांचे द्वितीय चिरंजीव चि.’, कंसात नोकरीचं खातं. मुहूर्त, गोरज असेल तर संध्याकाळची वेळ मिनिटासकट. खाली निमंत्रक, मग ‘आपले विनीत’, मग समस्त भावकी, मामा-मामी, आत्या, आणि सगळ्यात खाली लहान मुलांच्या नावाने ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!’

आता नावांआधीची अक्षरं वेगळी काढा. पुरुषांसाठी बहुधा तीन मिळतील: चि., श्री. आणि कै. बायकांसाठी जास्त: कु., चि. सौ. कां., सौ., श्रीमती आणि जुन्या पत्रिकेत गं. भा., म्हणजे गंगाभागीरथी. ‘श्री.’वरून माणूस लग्न झालेला आहे की नाही, त्याची बायको हयात आहे की नाही, काहीच कळत नाही. बाईच्या नावाआधीच्या दोन अक्षरांत मात्र तिचा नवरा आहे की नाही हे लिहिलेलं असतं.

समाजातल्या माणसाच्या जागेला समाजशास्त्रात ‘दर्जा’ म्हणतात. जन्माने किंवा नात्याने आपोआप मिळालेली जागा म्हणजे अर्पित दर्जा: ज्येष्ठ कन्या, अमुक कुळातला, अमुक जातीतला. स्वतः मिळवलेली जागा म्हणजे अर्जित दर्जा: कंसातलं बी. ए. त्या जागेवरून अपेक्षित असलेलं वागणं म्हणजे ‘भूमिका’. मामा हा दर्जा. मंगलाष्टकांच्या वेळी भाचीच्या मागे उभं राहणं ही भूमिका. हे तिन्ही शब्द वहीत लिहा आणि प्रत्येकापुढे तुमच्या पत्रिकेतली दोन उदाहरणं लिहा. पुस्तकातली उदाहरणं उतरवू नका.

‘गं. भा.’वर इथे थोडं थांबायला हवं. ही दोन अक्षरं असलेली बाई त्या लग्नात कुठे होती हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. हळद लावायला तिला बोलावलं होतं का? ओवाळायला? स्वतःच्या मुलीच्या लग्नात ती पुढे होती की मागच्या खोलीत? मिळणारं उत्तर ऐकणं सोपं नसतं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की पतीच्या मृत्यूनंतर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. म्हणजे जी गोष्ट ‘पहिल्यापासून असंच आहे’ म्हणून चालली होती, ती गावाने बसून ठरवून बदलता येते. समाजव्यवस्था ही माणसांनी घडवलेली आहे, याचा याहून स्वच्छ पुरावा मला वर्गात दुसरा देता आलेला नाही.

दुसरी पायरी: नावं मोजा, मग गाळलेली नावं शोधा

वहीत झाड काढा. पुरुषासाठी त्रिकोण, बाईसाठी वर्तुळ, लग्नासाठी दोन आडव्या रेघा, मुलांसाठी खाली उभी रेघ. नातेव्यवस्थेचा अभ्यास करणारे जगभर हीच चिन्हं वापरतात, आणि ती शिकायला पाच मिनिटं लागतात. पत्रिकेतल्या प्रत्येक नावाला झाडावर जागा द्या.

झाड पुरं झालं की दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे भावकी आणि सोयरे वेगळे पडतात. भावकी म्हणजे बापाकडून आलेलं रक्त: एक आडनाव, एक कुळ, एकत्र सुतक, आणि बहुतेक वेळा बांधाला लागून बांध. सोयरे म्हणजे लग्नाने जोडलेले. वंश बापाकडून मोजला जातो म्हणून कुटुंब पितृवंशीय. लग्नानंतर मुलगी नवऱ्याच्या घरी जाते म्हणून पितृनिवासी. हे दोन जड शब्द तुम्हाला झाडावर बोट ठेवून दाखवता आले पाहिजेत.

दुसरी गोष्ट म्हणजे वर्तुळं कमी पडतात. आजोबांचं नाव आहे, पणजोबांचं आहे, कै. लावून का होईना, पण आजीचं ‘सौ.’ आणि नवऱ्याच्या नावात विरून गेलेलं. पणजीचं नाव घरात कोणालाच आठवत नाही. दरवर्षी माझ्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांना आईच्या आईची आई कोण हे सांगता येत नाही. बापाकडचे चार पिढ्यांचे पुरुष मात्र घडाघडा सांगतात. ही त्या मुलांची चूक नाही. कोणाचं नाव लक्षात ठेवायचं हे व्यवस्थेने ठरवून दिलेलं आहे.

हेही हलतं आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव लिहायचं. ही मुलं लग्नाच्या वयाची होतील तेव्हा त्यांच्या पत्रिका कशा असतील हे पाहण्यासारखं असेल.

तिसरी पायरी: लग्न कोणाशी होऊ शकलं असतं आणि कोणाशी नाही

पत्रिकेतले दोघे एकमेकांना कसे मिळाले? आईवडिलांना विचारलं तर ‘योग होता’ असं उत्तर येईल. ते खोटं नाही, पण योग कोणत्या कुंपणात जुळतो हे पाहायचं आहे. वहीत दोन वर्तुळं काढा, एक आत, एक बाहेर.

आतलं वर्तुळ म्हणजे जिथे लग्न चालत नाही: एक कुळ, एक गोत्र, आणि मराठा व इतर काही जातींत एकच देवक. लग्नाआधी देवक बसवतात ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं; पण पंचपल्लव, म्हणजे पाच झाडांची पानं, हे देवक असलेल्या घराने पंचपल्लववाल्यांशी सोयरीक करायची नाही, असा नियम त्यामागे असतो हे बऱ्याच मुलांना ठाऊक नसतं. याला बहिर्विवाह म्हणतात. बाहेरचं वर्तुळ म्हणजे ज्याच्या पलीकडे लग्न जात नाही: जात, पुष्कळदा पोटजात. हा अंतर्विवाह. मुलगी या दोन वर्तुळांच्या मधल्या पट्टीतून निवडली जाते.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेव्यवस्थांचा मोठा अभ्यास केला, तो १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तरेत चुलत, मामे, आते अशा कुठल्याच भावंडांत लग्न चालत नाही. दक्षिणेत मामे-आते भावंडांत ते पसंत केलं जातं. महाराष्ट्र या दोहोंच्या मधोमध. इथे अनेक जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही. ‘मामाची मुलगी’ म्हटल्यावर मुलांना जी थट्टा सुचते तिच्यामागे हा भूगोल आहे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने जवळच्या नात्यात लग्नाला मनाई केली, पण दोन्ही पक्षांत तशी रूढी असेल तर सूट ठेवली. रूढीने कायद्याला वाकवल्याचं हे उदाहरण वहीत नोंदवून ठेवा.

बाहेरच्या वर्तुळाबद्दल मात्र हसण्यासारखं काही नाही. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी एक निबंध वाचला. जातीचं मूळ लक्षण शिवाशिव नाही, धंदा नाही, अंतर्विवाह हे आहे, असं त्यांनी त्यात मांडलं. गटाच्या बाहेर लग्न होऊ द्यायचं नाही म्हटलं की गटातल्या बायका आणि पुरुष यांची संख्या जुळवत ठेवावी लागते. नवरा मेलेल्या बाईचं काय करायचं हा प्रश्न मग गटाला पडतो, आणि सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही त्याची क्रूर उत्तरं. पहिल्या पायरीतली ती ‘गं. भा.’ आणि इथलं बाहेरचं वर्तुळ एकाच गाठीची दोन टोकं आहेत. शंभरहून अधिक वर्षांपूर्वीचा हा निबंध नवख्या विद्यार्थ्याने वाचावाच. तो फार मोठा नाही.

चौथी पायरी: नियम मोडून पाहा, मनातल्या मनात

फ्रान्सचा समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाईम याने १८९५ मध्ये सांगितलं की काही गोष्टी माणसाच्या बाहेर असतात आणि त्याच्यावर दाब आणतात. त्या सामाजिक तथ्य. दाब एरवी जाणवत नाही, विरोध केला की जाणवतो. म्हणून लग्नातला एकेक नियम घ्या आणि तो मोडला तर काय होईल ते लिहा.

वधूच्या भावाने कानपिळी केली नाही तर? कोणी म्हणेल, ‘अरे, राहिलंच की!’ आणि पंगत बसेल. ही लोकरीती. एकाच कुळातल्या दोघांनी लग्न केलं तर? भावकी येणार नाही, बोलणं बंद होईल. ही लोकनीती, समाजाच्या नीतिकल्पनेला हात घालणारी. वधू सतरा वर्षांची असली तर? मग २००६चा बालविवाह प्रतिबंधक कायदा. वाटेल तेवढी उदाहरणं घ्या; महत्त्वाचं आहे ते ‘मग काय होतं?’ या प्रश्नाचं उत्तर. शिक्षा किती जड आहे त्यावरून नियम किती खोल आहे ते कळतं.

शिक्षा देणारं कोण, हेही लिहा. आईचा चेहरा उतरणं, शेजाऱ्यांचं कुजबुजणं, मान न देणं, आहेर परत पाठवणं, जातपंचायतीने वाळीत टाकणं, पोलिसांत तक्रार. या सगळ्याला मिळून सामाजिक नियंत्रण म्हणतात. वाळीत टाकणं इतकं भयंकर ठरत होतं की महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध खास कायदा केला; तो २०१७ मध्ये लागू झाला. एखाद्याचं पाणी, दुकान, देऊळ, मयताला येणारी माणसं, सगळं एका बैठकीत तोडता येतं, ही ताकद ‘फक्त रूढी’ म्हणून सोडून देण्यासारखी नव्हती.

पाचवी पायरी: आहेराची वही मागून घ्या

माझ्या मते घरातला सगळ्यात मोलाचा समाजशास्त्रीय दस्तऐवज हाच, आणि तो बहुधा ट्रंकेच्या तळाशी असतो.

मांडवाच्या तोंडाशी एक टेबल असतं. तिथे भावकीतला अक्षर चांगलं असलेला, हिशेबाला पक्का माणूस बसवतात. वहीच्या पहिल्या पानावर हळद-कुंकू, वर ‘श्री’. मग ओळीने: नाव, गाव, रक्कम. एक्कावन्न, एकशे एक, पाचशे एक. मधेच ‘लुगडं-चोळी’, ‘टॉवेल-टोपी’, ‘तांब्या १’. रात्री पाहुणे पांगले की घरातली माणसं वाती कमी करून, म्हणजे आता ट्यूबलाइट एकच ठेवून, ती वही वाचतात. कोणी किती घातले, कोण आलं आणि कोण आलं नाही. मग वही जपून ठेवली जाते. दहा वर्षांनी त्या घरातून पत्रिका आली की वही पुन्हा उघडते: ‘त्यांनी आपल्याला एकशे एक घातले होते, आपण दोनशे एक घालू.’

फ्रान्सच्याच मार्सेल मॉस या अभ्यासकाने १९२५ मध्ये भेटवस्तूंवर निबंध लिहिला. जगातल्या निरनिराळ्या समाजांत भेटीच्या तीन सक्ती असतात असं त्याने दाखवलं: द्यायची सक्ती, घ्यायची सक्ती, आणि परत करायची सक्ती. आपल्या आहेराच्या वहीत तिन्ही आहेत. परतफेड लगेच केली तर अपमान होतो, कारण त्याचा अर्थ ‘तुमचं-आमचं संपलं’. बरोबर तेवढीच रक्कम केली तरी कोरडेपणा वाटतो. थोडी वाढवून, थोड्या वर्षांनी, दुसऱ्या कार्यात. अशी केली की धागा चालू राहतो.

काम असं करा. वहीतली पहिली पन्नास नावं घ्या. प्रत्येक नावापुढे लिहा: भावकी, सोयरा, शेजारी, नोकरीतला, मित्र, गावातला दुसऱ्या जातीचा. मग गाव लिहा. नकाशावर ठिपके द्या. तुमच्या घराचं जग किती मैलांचं आहे ते समोर येतं. माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरच्या वहीत जवळजवळ सगळे ठिपके तीन तालुक्यांत होते, आणि एक ठिपका एकटाच डोंबिवलीत. त्या एका ठिपक्याची रक्कम सगळ्यात मोठी होती. ती का, हे विचारायला ती आजोबांकडे गेली आणि गिरणीत काम करताना एकाच खोलीत राहिलेल्या दोन माणसांची चाळीस वर्षांची गोष्ट घेऊन आली. रक्ताचं नातं नाही, जात एक नाही, तरी वहीत पहिल्या पानावर नाव. कुटुंब, शेजार, जिवाभावाचे मित्र यांना प्राथमिक, म्हणजे जिव्हाळ्याचा, समूह का म्हणतात आणि पतपेढी किंवा युनियनला दुय्यम, म्हणजे कामापुरता, समूह का, हे तिला मग मी समजावून सांगावं लागलं नाही. दुय्यम समूहात भेटलेली दोन माणसं प्राथमिक कशी होतात, हे उलट तिने मला समजावलं.

अलीकडे पत्रिकांवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापतात. हेतू चांगला असतो, पण गरीब घरात आहेर म्हणजे एक प्रकारची भिशी होती. लग्नाच्या खर्चातला काही भाग त्या रात्रीच हातात यायचा. ती बंद केल्यावर तो खर्च कुठून भागतो, कर्जातून की शेत विकून, हा प्रश्न विचारायला विसरू नका.

सहावी पायरी: कामं कोणी केली

आजोबांच्या लग्नात मडकी कुंभाराने आणली, पायघड्या परटाने घातल्या, पत्रावळी गुरवाने दिल्या, चुडा कासाराने भरला, हलगी मातंगांनी वाजवली. त्यांना रोख मजुरी नव्हती; सुगीच्या दिवसांत धान्याच्या राशीतून बलुतं होतं आणि कार्यात मान, शिधा, उष्टं होतं. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये या सगळ्या गावगाड्याचं बारकाईने वर्णन केलं. आज हेच लग्न केटरर, मंडप-डेकोरेटर, डीजे, फोटोग्राफर आणि मंगल कार्यालय करतात. बोलणी फोनवर, ॲडव्हान्स मोबाइलवरून.

दुर्खाईमने १८९३ मध्ये लिहिलं की जुने समाज सारखेपणाने बांधलेले असतात आणि नवे समाज श्रमविभागणीने, जसे शरीराचे अवयव एकमेकांवर अवलंबून. वाचून मुलं लगेच म्हणतात, ‘बलुतेदारी म्हणजे श्रमविभागणीच की!’ इथे थांबा. जातिव्यवस्था ही श्रमाची नाही, श्रमिकांची विभागणी आहे, आणि त्या विभागण्या एकावर एक रचलेल्या आहेत, असं डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये बजावलं. कुंभाराचा मुलगा कुंभारच; आवड विचारली जात नव्हती, आणि सगळी कामं सारख्या मानाची नव्हती. महार वतनासारखी कनिष्ठ वतनं मुंबई राज्याच्या १९५८च्या कायद्याने गेली. जुन्या गावाबद्दल ‘सगळे कसे गुण्यागोविंदाने राहत होते’ असं कोणी सांगितलं, तर ते सांगणारा पंगतीत कुठे बसत होता हे नम्रपणे विचारा.

सातवी पायरी: मानाच्या खुर्च्या

ही पायरी छोटी आहे, कार्यालयात उभ्या उभ्या होते. पुढच्या सोफ्यांवर कोण बसलं ते टिपा. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने तीन गोष्टी वेगळ्या करायला शिकवलं: पैसा, प्रतिष्ठा आणि सत्ता. त्या एकाच माणसाकडे असतीलच असं नाही. बागायतदार, निवृत्त हेडमास्तर आणि जिल्हा परिषद सदस्य तिघेही पुढच्या रांगेत असतील, तिघांच्या वाटा वेगळ्या. सत्कारात शाल कोणाला, नुसता नारळ कोणाला, नाव माइकवरून कोणाचं घेतलं गेलं, आणि शेवटी कोण उभंच राहिलं. समाजात माणसं अशी वर-खाली रचली जाण्याला स्तरीकरण म्हणतात; तो शब्द पाठ करण्याऐवजी हे एक पान लिहून काढा.

आठवी पायरी: तीन पत्रिका शेजारी ठेवा

समजा एक १९७५च्या आसपासची, एक १९९५ची, एक गेल्या वर्षीची. काय बदललं, काय तसंच राहिलं, दोन्ही लिहा. मुलीच्या नावापुढची पदवी कधी आली? पत्त्यात ‘हल्ली मुक्काम मुंबई’ कधी आलं, आणि कधी गेलं? १९८२च्या जानेवारीत सुरू झालेल्या गिरणी संपानंतर अनेक घरं गावी परतली, ते पत्त्यांत दिसू शकतं. वरची देवांची नावं बदलली का? बौद्ध घरांच्या पत्रिकांवर तथागत बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो आहेत, ‘मंगल परिणय’ हा शब्द आहे; १४ ऑक्टोबर १९५६च्या नागपूरच्या धम्मदीक्षेने विधीपासून निमंत्रणाच्या भाषेपर्यंत सगळं नवं घडवलं. त्याच्याही आधी, २५ डिसेंबर १८७३ रोजी, सत्यशोधक समाजाने भटजीशिवाय पहिलं लग्न लावलं होतं. बदल हळूहळू झिरपत येतो तसा कधी ठरवूनही घडवला जातो, हे या पत्रिकांत दिसतं.

वर्गात निकाहाच्या आणि वसईच्या चर्चमधल्या लग्नाच्या मराठी पत्रिका आल्या की मला फार आनंद होतो. तोवर मुलं आपल्या घरच्या पद्धतीलाच ‘लग्न’ समजत असतात.

नेहमी होणाऱ्या चुका

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘लोकांची मानसिकताच तशी आहे’ हे वाक्य. ते लिहिलं की तपास संपतो. मानसिकता आली कुठून, ती कोणाच्या फायद्याची, ती न पाळणाऱ्याला काय भोगावं लागतं, हे विचारायचं असतं. माझ्या वर्गात हा शब्द वहीत दिसला की मी त्याला गोल करते आणि समोर ‘म्हणजे काय?’ लिहिते.

दुसरी चूक म्हणजे नियमालाच वागणूक समजणं. म्हातारे सांगतात तो नियम. प्रत्यक्षात काय झालं ते वेगळं असू शकतं. ‘आपल्यात असं चालत नाही’ म्हणणाऱ्याला लगेच विचारा, ‘कोणी केलंच नाही का कधी?’ मग आवाज खाली येतो आणि खरी माहिती सुरू होते. वहीच्या पानाचे दोन भाग करा, डावीकडे ‘पाहिलं-ऐकलं’, उजवीकडे ‘मला वाटलं’. ते एकमेकांत मिसळू देऊ नका.

कोणाला चारचौघांत जात विचारू नका. आडनावावरून ओळखली असंही धरू नका, एकच आडनाव कितीतरी जातींत असतं. ज्यांनी मनातलं सांगितलं त्यांची नावं वहीत बदलून लिहा, पानांचे फोटो ग्रुपवर टाकू नका. आणि टिपणांची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहिले, पुढे अठरा वर्षं खपून टिपणं नीट लावली. १९७० मध्ये स्टॅनफर्डला त्यांच्या खोलीला आग लावली गेली तेव्हा तिन्ही प्रती तिथेच होत्या. त्यांनी आठवणीतून पुस्तक लिहिलं, ते १९७६ मध्ये आलं. आपल्या सगळ्यांची आठवण तेवढी चांगली नसते.

शेवटची पायरी: फडताळातली भांडी

पत्रिका आणि वही झाली की स्वयंपाकघरात जा. लग्नात आलेल्या पितळी, तांब्याच्या, स्टीलच्या भांड्यांवर टिपक्याटिपक्यांनी नावं घातलेली असतात, तारखेसकट. ती उलटी करून उजेडात धरून वाचा. कोणी, कोणाला, कधी.

माझ्या आईच्या लग्नाच्या पत्रिकेत तिच्या आईचं नाव नाही. आजोबांचं आहे, त्यांच्या भावांचं आहे. आजीचं सासरी आल्यावर नाव बदललं होतं आणि माहेरचं नाव विचारलं तर ती ‘कशाला आता ते’ म्हणून विषय बदलायची. ती गेल्यावर देवघरातला तांब्या चिंचेने घासताना मला तळाशी अक्षरं दिसली. आजीच्या मामांनी तिला तिच्या लग्नात दिलेला तो तांब्या होता. साल पुसट झालेलं, पण नाव स्वच्छ वाचता येत होतं, आणि ते आम्ही कधी ऐकलेलं नव्हतं. झाडावरच्या त्या रिकाम्या वर्तुळात मी ते त्याच दिवशी लिहिलं.